बाईला चेहरा नाही, तरी चित्र बाईचंच: अतिवास्तव चित्र वाचायचं कसं

बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी हप्त्याची आठवण, बँकेच्या सूचना आणि सकाळी सकाळी गुलाबाचे फोटो येतात. मागे तिथे एक चित्र आलं आणि संध्याकाळपर्यंत ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. सुरुवात झाली "हे काय वं माय? बाईले तोंडच नाई!" इथून. मग "करणी-बिरणीचं दिसते, डिलीट करा." मग "कोन्या येड्यानं काढलं?" आणि शेवटी एकीने लिहिलं, "मले त आवडलं. पण काऊन आवडलं, ते सांगता येत नाई." तिचं हे वाक्य वाचूनच हा लेख लिहायला घेतला.

चित्र असं आहे. काळ्या मातीच्या वावरात मधोमध एक बाई मांडी घालून बसली आहे. अंगावर हिरवं पातळ, पण कमरेखाली त्याच्या निऱ्यांचे हळूहळू कपाशीचे तास, म्हणजे रांगा, होत जातात. कापड कुठे संपलं आणि वावर कुठे सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तिला चेहरा नाही. डोळे, नाक, ओठ काही नाही, कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसता गुळगुळीत गोलवा. मागे दोन बाभळींना वलणी बांधली आहे आणि तीवर चिमट्यांनी चार चेहरे वाळत घातले आहेत: एक शाळकरी पोरीचा, एक बाशिंग बांधलेल्या नवरीचा, एक ठसठशीत कुंकवाचा, एक म्हातारीचा. त्यांच्यातून पाणी ठिबकतंय. बाईच्या छातीत लहानसं दार आहे, उघडं. आत दिवा लागलेला आणि एक रिकामी खुर्ची. दाराची कडी आतल्या बाजूला. आणि सावली: बसलेल्या बाईची सावली चालणाऱ्या बाईची पडली आहे.

काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. फॉरवर्ड होता होता कोपरा कापला गेला असावा.

अतिवास्तव म्हणजे काय

अशा चित्रांना अतिवास्तव म्हणतात. यातल्या वस्तू आपल्या ओळखीच्या असतात, पण त्यांचं एकमेकींशी असलेलं नातं जागेपणी शक्य नसलेलं असतं. स्वप्नात आपण शाळेच्या वर्गात जातो आणि तिथे गोठ्यातली गाय बाकावर बसलेली असते, आणि त्या वेळी त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. तशी ही मांडणी. गाय खरी, बाक खरा, खोटं काहीच नाही. फक्त भेट अशक्य.

या पद्धतीला चळवळीचं रूप आलं पॅरिसमध्ये. १९२४ मध्ये आंद्रे ब्रेताँ या कवीने तिचा जाहीरनामा लिहिला. ब्रेताँ मुळात वैद्यकीचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या इस्पितळात त्याने काम केलं होतं. त्यांची तुटक, असंबद्ध वाटणारी बोलणी त्याने ऐकली, मनोविश्लेषक फ्रॉइडचं स्वप्नांबद्दलचं लिखाण वाचलं, आणि त्याला वाटलं की हिशेबी, शहाण्या मनाच्या खाली आणखी एक मन आहे आणि कलेने त्याचं ऐकलं पाहिजे.

परीकथेतल्या चित्रापेक्षा हे वेगळं. परीकथेत वेगळी दुनिया असते आणि तिचे वेगळे नियम असतात; तिथे घोड्याला पंख असणं हाच नियम. अतिवास्तव चित्र आपल्याच दुनियेत राहून तिचा एखादा नियम मोडतं. आपल्या चित्रात दोन्हींची सरमिसळ आहे, हल्लीच्या बहुतेक चित्रांत असते. त्या वर्गवारीत फार शिरायचं कारण नाही.

ही बाई आपल्या घरी येऊन गेली आहे

"असलं आपल्याकडे नसते" असं म्हणणाऱ्यांनी भाद्रपदातल्या महालक्ष्म्या आठवाव्यात. महाराष्ट्रात इतरत्र पुष्कळ ठिकाणी ज्यांना गौरी म्हणतात त्या ज्येष्ठा-कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. पण त्यांना उभं कसं करतात ते नीट बघा. माळ्यावरून कोठ्या काढायच्या, त्यांच्या पोटात गहू, ज्वारी किंवा फराळाचं भरायचं, त्यावर पातळ नेसवायचं, निऱ्या टाचणीने बसवायच्या, आणि सगळ्यात शेवटी मुखवटा ठेवायचा. शेजारी त्यांची पिलवंडं, म्हणजे लेकरं. म्हणजे पोटात धान्य, अंगाला कापड, मानेवर सुटा चेहरा, पाय तर नाहीतच. तीन दिवस घरातली शहाणीसुरती माणसं तिच्याशी बोलतात, तिला आंबील आणि पुरणाचा नैवेद्य दाखवतात, ती कोमेजलेली दिसते की खुललेली यावर चर्चा करतात. चौथ्या दिवशी मुखवटा फडक्यात गुंडाळून पेटीत जातो आणि धान्य पुन्हा कणगीत. कोणी दचकत नाही.

हे जमतं, तर वलणीवर वाळणारा चेहराही जमायला हवा.

यवतमाळकडच्या लोकांना आणखी जवळचं उदाहरण माहूरचं. माहूर जिल्ह्याने नांदेडचं, पण आर्णीकडून तिकडे जाणारी रीघ वर्षभर असते. गडावर रेणुकेचं फक्त मुख आहे, धड नाही. कथा सगळ्यांना पाठ: जमदग्नीच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचं शिर उडवलं, पुढे ती जमिनीतून प्रकट होईल, मागे वळून पाहू नकोस असं त्याला सांगितलं गेलं, त्याला राहवलं नाही, त्याने वळून पाहिलं, तेव्हा मुख तेवढं वर आलं होतं. माहूरला धडाविना चेहरा, आणि आपल्या चित्रात चेहऱ्याविना धड. दोन्ही ठिकाणी पुरी बाई दिसत नाही, आणि का दिसत नाही यातच गोष्ट आहे.

फरक एकच, पण मोठा. महालक्ष्मीच्या पोटातल्या धान्याचा अर्थ परंपरेने आधीच ठरवून दिला आहे: भरभराट. रेणुकेच्या मुखामागची कथा आजीने सांगितलेली असते. या चित्राला आजी नाही. इथे अर्थ बघणाऱ्याला लावावा लागतो, आणि गडबड तिथेच होते.

अर्थ नंतर, आधी यादी

बहुतेक जण चित्र दिसल्या दिसल्या "याचा अर्थ काय" विचारतात. थोडं थांबा. आधी काय काय दिसतं तेवढंच म्हणायचं, पंचनाम्यासारखं, मत न देता. वर मी चित्राचं वर्णन केलं तसं. कंटाळवाणं वाटतं, पण या यादीत एक-दोन गोष्टी अशा सापडतात ज्या पहिल्या नजरेत हुकतात. ग्रुपवरच्या गप्पांत ठिबकणारं पाणी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कडी तर कोणालाच दिसली नव्हती.

मग विचारायचं, कोणती गोष्ट जागेवर नाही? चेहरा मानेवर हवा, तो वलणीवर आहे. सावली बसलेली हवी, ती चालते आहे. मग, कशाच्या जागी काय आलं? निऱ्यांच्या जागी तास, छातीच्या जागी दार. आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न: इथे क्रिया कोणती आणि ती कोण करतंय? बाईच्या चित्रांत आपण सवयीने "हिच्यावर काय झालं" हेच शोधतो. ही काय करते आहे, हे विचारायला विसरतो.

वलणीवरचे चेहरे

या चित्राचा सोपा अर्थ असा निघतो: समाजाने बाईचा खरा चेहरा पुसून टाकला, तिला मुलगी, नवरी, सवाष्ण, म्हातारी अशा भूमिकांचे मुखवटे दिले, आणि त्यात ती स्वतः हरवली. ग्रुपवर शेवटी कोणीतरी हाच अर्थ टाकला आणि सगळ्यांनी हात जोडले. चुकीचा नाही तो. पण तो चित्र न बघताही सांगता आला असता, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

आता पाणी बघा. चेहरे ओले आहेत, म्हणजे ते आत्ताच धुतले आहेत. कोणी धुतले? चित्रात दुसरं माणूस नाही. तिनेच. धुऊन, पिळून, चिमटे लावून वाळत घातलेत. लुटून नेलेली वस्तू कोणी अशी निगुतीने वाळत घालत नाही. चेहरे तिचेच आहेत, चारही, आणि वाळले की ती पुन्हा घालणार आहे. म्हातारीचाही त्यात आहे, जो अजून तिच्या वयाचा नसावा. हात तरुण दिसतात. पुढे लागेल तो चेहराही ती आधीच धुऊन ठेवते आहे.

मग मानेवरचा तो गुळगुळीत गोलवा म्हणजे पुसलेला चेहरा असेलच असं नाही. ती थोडा वेळ कोणाचीच कोणी नाही. सून नाही, आई नाही, अमक्याच्या घरची नाही. वेचणीच्या दिवसांत दुपारी भाकर खाऊन धुऱ्यावरच्या झाडाखाली बाया घडीभर पडतात, पदर तोंडावर ओढून, आणि त्या वेळात त्यांना कोणी हाक मारत नाही. त्या घडीचं हे चित्र असू शकतं. हात मांडीवर सैल पडलेत, पायाची बोटं मातीत रुतलीत. भ्यालेल्या माणसाचे हात असे नसतात.

दारही याच बाजूने साक्ष देतं. कडी आतून आहे, म्हणजे दार तिने उघडलं, तिच्या मर्जीने. खुर्ची रिकामी का, याला दोन उत्तरं शक्य आहेत: आत कोणी बसायलाच आलं नाही, किंवा बसलेली बाई उठून गेली. सावली चालते आहे हे लक्षात घेतलं तर मला दुसरं पटतं. तुम्हाला पहिलं पटलं तर त्यासाठीही चित्रात जागा आहे.

वावर कोणाच्या नावावर

निऱ्यांचे तास होणं ही गोष्ट विदर्भातल्या माणसाने नुसती सुंदर म्हणून सोडू नये. निंदण बाया करतात, वेचणी बाया करतात, आणि शेतकरी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो धोतरवाला गडी. बाईचं अंग वावरात गेलेलं आहे, सातबाऱ्यावर तिचं नाव क्वचित असतं. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायद्यात आणला, केंद्राने २००५ मध्ये. तरी वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणं हा अजूनही रिवाजच समजला जातो. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची. म्हणजे हा प्रश्न चित्रकारांनी शोधून काढलेला नाही.

नावाचंही तेच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि तेवीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती बंद होते. सासरी जावा-जावांत तिला माहेरच्या गावावरून ओळखतात: पुसदवाली, वणीवाली. मग आधारवर एक नाव, पासबुकावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये, आणि सेतू केंद्रांसमोर रांगा लागल्या तेव्हा ही तीन नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायची पाळी किती जणींवर आली, ते त्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना विचारा. स्त्रीची ओळख हा शब्दप्रयोग पुस्तकी वाटतो, पण या रांगेत त्याला कागद लागतात. त्याच वर्षी सरकारने आणखी एक नियम केला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.

वलणीवरचे चार चेहरे आणि सेतूच्या टेबलावरची तीन नावं यांचं नातं चित्रकाराला माहीत होतं की नाही, कोण जाणे. बघणारीला ते दिसलं, तर तो अर्थ उसना नाही.

बाया स्वतः काढू लागल्या तेव्हा

पॅरिसच्या त्या अतिवास्तववादी मंडळींना बाई फार आवडायची, पण चित्रात. डिसेंबर १९२९ मध्ये त्यांच्या नियतकालिकात एक पान छापलं गेलं: मधोमध रने माग्रित या चित्रकाराने काढलेली एक विवस्त्र बाई, आणि चारी बाजूंनी चळवळीतल्या १६ पुरुषांचे फोटो, सगळ्यांचे डोळे मिटलेले. तिला डोळ्यांनी बघायचंच नाही, स्वप्नात बघायचं. त्यांच्या दृष्टीने हा बाईचा गौरव होता. स्वप्न मात्र त्यांचं, ती त्यातली वस्तू.

बायांच्या हाती कुंचला आला तेव्हा हीच भाषा उलटी फिरली. मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोने १९३९ मध्ये, नवऱ्यापासून घटस्फोट होत होता त्या काळात, ‘दोन फ्रिडा’ हे चित्र काढलं. शेजारी शेजारी बसलेल्या दोन बाया, दोन्ही ती स्वतःच. एक मेक्सिकोच्या देशी पोशाखात, दुसरी युरोपीय पांढऱ्या झग्यात. दोघींची हृदयं उघडी, एकच रक्तवाहिनी दोघींना जोडणारी, आणि पांढऱ्या झग्यावर रक्ताचे डाग. दोघींनी एकमेकींचा हात धरला आहे. आपण स्वप्नं रंगवत नाही, स्वतःचं वास्तव रंगवतो, असं फ्रिडाचं म्हणणं होतं. अतिवास्तववादी हे लेबल तिला फारसं मानवत नसे.

माझं सगळ्यात आवडतं चित्र मात्र रेमेदिओस वारोचं. ही मूळची स्पेनची; युद्धाच्या धामधुमीत १९४१ मध्ये मेक्सिकोला गेली आणि तिथलीच झाली. १९५८ च्या तिच्या एका चित्रात आभाळात अधांतरी एक बुरूज आहे. आत एक थकलेली बाई एकटी बसून हाताने दळणयंत्र फिरवते आहे. वरून चांदण्या यंत्रात पडतात, त्यांचं पीठ होतं, आणि ती ते चमच्याने पिंजऱ्यात ठेवलेल्या चंद्रकोरीला भरवते. हे चित्र जात्यावर बसलेल्या कोणत्याही म्हातारीला दाखवा. तिला अतिवास्तववाद समजावून सांगावा लागणार नाही. पहाटे अंधारात उठून दळायचं, दळता दळता ओवीत माहेर, विठ्ठल, सगळं आभाळ आणायचं, आणि त्या पिठाची भाकर दुसऱ्याच्या तोंडी घालायची. वारोची बाई कैदेत आहे की अख्ख्या आभाळाचं पोट तिच्यावर चाललंय? दोन्ही. पिंजऱ्यात चंद्र आहे, ती नाही, पण बुरुजाबाहेर ती पडू शकत नाही. हा पेच चित्र सोडवत नाही, म्हणून ते पुन्हा बघावंसं वाटतं.

मग मनाला येईल तो अर्थ काढायचा का?

नाही. अर्थ अनेक असतात, पण कोणताही चालत नाही. चित्रातल्या वस्तूंनी अर्थाला साक्ष द्यायला हवी. "ही बाई भूत आहे" असं म्हणायचं तर ओल्या चेहऱ्यांचं, पेटलेल्या दिव्याचं, कपाशीचं काय करायचं? एक सुटा धागा पकडून बाकीचे सोडून दिले तर तो अर्थ कच्चा. जितक्या जास्त गोष्टी तुमच्या अर्थात सामावतात, तितका तो पक्का. माझ्या अर्थात चिमटे, पाणी, कडी आणि सावली बसतात; वावर थोडं ओढूनताणून बसतं, हे मला मान्य आहे.

"पण काढणाऱ्याच्या मनात काय होतं?" कळलं तर उपयोगाचंच. फ्रिडाच्या घटस्फोटाबद्दल कळल्यावर त्या दोन बायांचे धरलेले हात वेगळे दिसतात. पण चित्रकाराचं म्हणणं हा शेवटचा निकाल नसतो. पुष्कळदा त्यालाही हात कुठे चालला ते आधी ठाऊक नसतं.

आणि एआयने काढलं असेल तर?

हा प्रश्न हल्ली पहिलाच येतो, आणि रास्त आहे. एआय लाखो जुन्या चित्रांवरून शिकतं, त्यामुळे ‘स्त्री’ आणि ‘स्वप्न’ म्हटलं की जे सर्वांत जास्त वेळा काढलं गेलं तेच पुन्हा पुढे करतं: डोक्याच्या जागी पक्ष्यांचा पिंजरा, अर्ध्या चेहऱ्यावर फुलं, केसांची मुळं, तडा गेलेला आरसा. खरं सांगायचं तर पिंजऱ्यातल्या बाईची चित्रं माणसांनीही इतकी काढलीत की आता त्यात बघण्यासारखं काही उरलेलं नाही. पिंजरा दिसला की अर्थ आयता मिळतो आणि बोट पुढच्या मेसेजकडे सरकतं. चित्र कोणी काढलं यापेक्षा आधी हे तपासा, की त्यात एखादी तरी गोष्ट अशी आहे का जी गरज नसताना नेमकी आहे. ओले चेहरे ही तशी गोष्ट. आतली कडीही तशीच.

यंत्राने योगायोगाने तशी गोष्ट काढली असेल तर? मग हेतू कोणाचा हा प्रश्न गळून पडतो, तुम्हाला जे दिसलं ते उरतं. पण खऱ्या चित्रकर्तीचं काम असेल आणि आपण ते "एआय आहे" म्हणून उडवून लावलं, तर तिच्यावर अन्याय होतो. शोधायचा प्रयत्न करता येतो. गूगल लेन्समध्ये चित्र टाकलं तर पुष्कळदा मूळ, मोठं, न कापलेलं चित्र सापडतं. सही बहुधा खालच्या उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात असते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र नेहमीसारखं पाठवलं की त्याची प्रत घटते, बारीक रेषा पुसट होतात, म्हणून पाठवताना एचडीचा पर्याय निवडावा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. आणि वर "सुप्रभात" लिहायला जागा हवी म्हणून कोपरा कापू नये.